न सरावणारा डोळा

मॉनिटरचे रंग मोजणारा कॅलिब्रेटर काचेवर लटकतो तो भिंतीवरच्या पालीसारखा: पोट काचेला चिकटलेलं, वायर वरून मागे टाकलेली, तिच्यात अडकवलेलं वजन पाठीमागे लोंबतंय.

स्वभावाने तो हट्टी. आधी अर्धा तास मॉनिटर तापू द्या, ट्यूबलाइटचा उजेड काचेवर पडू देऊ नका, मगच त्याला कामाला लावा. सॉफ्टवेअर त्याच्या पोटाखाली रंगांचे चौकोन दाखवत जातं. लाल, हिरवा, निळा, मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडीच्या पायऱ्या. गडद राखाडीपाशी तो रेंगाळतो, कारण तिथे मोजायला उजेडच जेमतेम असतो. त्याला रेंगाळू द्यावं. नवरीच्या केसांतला तपशील त्याच पायऱ्यांवर जपला जातो.

त्याच्या पोटात फिल्टर असतात आणि ते माणसाच्या नजरेची नक्कल करतात. कोणाच्या नजरेची? 1920च्या दशकात इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या संशोधकांनी अनुक्रमे 10 आणि 7 जणांना बसवून रंग जुळवायला लावले. त्या 17 जणांच्या नजरेवरून 1931 साली ‘सीआयई’ या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ‘प्रमाण निरीक्षक’, म्हणजे मोजमापासाठीची सरासरी नजर, ठरवला. त्याच मापाने हा आज आपल्या हळदीच्या फोटोतला पिवळा मोजतो. मला त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटतो तो इथे.

आपला डोळा सरावतो. पिवळ्या बल्बखालचा कागदही त्याला पांढराच दिसतो. जगायला हा गुण मोठाच, पण फोटो सुधारताना तो घात करतो. निळसर मॉनिटरसमोर बसून नजर सरावते, तीही अर्धवट, आणि उरलेला निळेपणा काढायला म्हणून चेहऱ्यांवर पिवळा चढवला जातो. कॅलिब्रेटर मात्र सरावत नाही.

म्हणूनच काम संपलं की हमखास ऐकू येतं, ‘अहो, स्क्रीन पिवळी पडली!’ तसं काही झालेलं नसतं. 6500 केल्विनचा पांढरा पहिल्यांदाच समोर आलेला असतो. उजेडही चौरस मीटरला 120 कॅन्डेलांच्या आसपास उतरलेला असतो. नवा मॉनिटर सहज याच्या दुप्पट उजळ असतो, त्यावर बेताचा दिसणारा फोटो अल्बममध्ये काळा येतो आणि बोलणी लॅबवाला खातो.

चमत्कार मात्र कॅलिब्रेटरकडून मागू नयेत. पैठणीचा गर्द मोरपंखी मॉनिटरच्या आवाक्यातच नसेल, तर तो कुठून आणणार? आवाका कुठे संपतो तेवढं तो प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्या मॉनिटरच्या रंगांची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये, प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

किंमत पाहून दोन-तीन स्टुडिओवाले मिळून एकच कॅलिब्रेटर घेतात. खुशाल घ्यावा. ही प्रोफाइल मात्र एकमेकांना देऊ नये. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन मॉनिटरही सारखे नसतात, आणि एकाच्या चुका मोजून केलेली दुरुस्ती दुसऱ्याला लावली, तर त्याचे धड असलेले रंगही बिघडतात.