पानावरची हजेरी

दहावी ‘ब’चं पान लावायला घेतलं की मी आधी हजेरीपट मागते, फोटो नंतर. पटावर ४३ नावं असतील तर आधी ४३ चौकटी आखायच्या, प्रत्येकीखाली नाव टाकायचं आणि मगच फोटो भरायला लागायचं. ज्याचा फोटो आला नाही त्याची चौकट रिकामी राहते, डोळ्याला टोचते आणि कुणीतरी उठून शाळेला फोन लावतं. उलट फोटो आधी घेतले आणि आले तेवढे सुबक बसवले, तर जो आला नाही तो कुणाच्याच ध्यानात येत नाही.

हे मला एका आईने शिकवलं. पंधरा-सोळा वर्षं झाली. एका शाळेच्या इयरबुकच्या ३४० प्रती आम्ही पोचवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या नारायण पेठेतल्या ऑफिसात आली. भांडली नाही. पुस्तक उघडून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “माझा मुलगा यात नाहीये.” पानावर ४२ फोटो होते, सहा ओळींत सात-सात, एका रेषेत. त्या पानाचा मला अभिमान होता. फोटोच्या दिवशी तो मुलगा तापाने घरी होता. पाकिटात ४२ फोटो आले, ते असे देखणे बसले की मी पटाशी ताडून बघितलंच नाही.

मग दोन रात्री आम्ही ते एक पान बदलत बसलो. जुनं पान शिवणीपासून बोटभर जागा सोडून कापायचं, उरलेल्या पट्टीला खळ लावायची, नवं पान तिच्यावर दाबून वजनाखाली ठेवायचं. ३४० वेळा. आजही ते पुस्तक हातात घेतलं आणि त्या पानाच्या मुळाशी बोट फिरवलं की जाड पट्टी लागते.

त्या दोन रात्री जे माझ्याबरोबर जागले, त्यांच्याविषयी मला लिहायचं आहे. कारण अलीकडे मुलं-मुली फोन करून विचारतात, “ताई, तुमच्याकडे डिझायनर व्हायला कोणता कोर्स करावा लागतो?” आणि मला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. त्या रात्री टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो आणि कुणाच्याही हातात डिझाइनची पदवी नव्हती.

माझंच आधी सांगते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकलेच्या परीक्षा दिल्या. पुढे अप्लाइड आर्टला जायचं मनात होतं, घरच्यांनी कॉमर्सला घातलं. पदवीनंतर टायपिंग क्लासला जाऊन मराठी ३० ची परीक्षा दिली आणि एका डीटीपीच्या दुकानात पानामागे पैसे या बोलीवर बसले. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंकांचा मजकूर, पतसंस्थांच्या स्मरणिका, जे येईल ते. टाइप करता करता कळायला लागलं की ओळी जरा मोकळ्या केल्या की तोच मजकूर वाचावासा वाटतो. रचनेची ओळख मला अशी बोटांतून झाली.

आमचे काका मात्र खऱ्या अर्थाने छापखान्यातले. जुळारी. वयाच्या सोळाव्या वर्षी खिळ्यांच्या केससमोर उभे राहिले ते चाळिशी ओलांडेपर्यंत. देवनागरीची केस म्हणजे जोडाक्षरं, मात्रा, रफार धरून शेकडो खण. कुठल्या खणात काय हे हाताला पाठ. ओळ स्टिकमध्ये उलटी जुळवायची, उलटीच वाचायची. ऑफसेट आलं, पाठोपाठ संगणक आला, त्यांचा छापखाना बंद पडला आणि खिळे भंगारात किलोवर गेले. ते आमच्याकडे आले तेव्हा पेस्टिंग करायला आले होते. बटर पेपरवरची प्रिंट कापून सरळ चिकटवणं हे तेव्हा मोठं काम होतं. तेही थोड्याच वर्षांत संपलं.

पण काकांकडे एक गोष्ट होती जी आमच्यापैकी कुणाकडे नव्हती. संगणकावर शिकलेल्याला कोरी जागा म्हणजे काहीच नसलेली जागा वाटते. काकांच्या हातात कोऱ्या जागेलाही वजन होतं. दोन शब्दांमधलं अंतर म्हणजे शिशाचा तुकडा, दोन ओळींमधलं अंतर म्हणजे शिशाची पट्टी. ती अक्षराहून ठेंगणी, म्हणून शाई धरत नाही, एवढाच फरक. ओळ सैल राहिली तर मशीनवर अक्षर निसटतं. म्हणून त्यांना पानावरची प्रत्येक रिकामी जागा कुणीतरी ठेवलेली हवी असे. चुकून राहिलेली चालत नसे.

त्या रात्री नवं पान कसं लावायचं हा प्रश्न होता. ४२ला सहा सत्ते आहेत. ४३ ही मूळ संख्या, कुठल्याच पाढ्यात बसत नाही. मी शेवटच्या ओळीत आठवा फोटो दाटीवाटीने कोंबायला निघाले होते. काका म्हणाले, “एका पोराला दाटून बसवायचं नाही. सगळ्या ओळी त्याच्यासाठी बदल.” ते त्या घाईत जमलं नाही, पण पुढच्या वर्षीपासून ४३च्या वर्गाला त्यांनी दाखवलेली मांडणी आम्ही वापरतो. समोरासमोरची दोन पानं घ्यायची. डाव्या पानावरचा पहिला उभा रकाना वर्गाच्या नावाला द्यायचा. मग डावीकडे उरतात चार रकाने, उजवीकडे पाच, प्रत्येकात पाच चौकटी. झाल्या ४५. वर्गशिक्षकांचा फोटो दोन चौकटींएवढा मोठा. उरलेल्या ४३ मुलांच्या. कुणी दाटलेलं नाही, कुणाचा चेहरा मधल्या शिवणीत गेलेला नाही. ही मांडणी मला कुठल्याही डिझाइनच्या पुस्तकात सापडलेली नाही.

फोटो बघणारे दादा आले ते स्टुडिओतून. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने रिटचिंग करायचं त्यांचं काम. काचेखाली दिवा लावायचा, निगेटिव्ह वर ठेवायची आणि चेहऱ्यावरचा डाग, डोळ्याखालची सावली हलक्या हाताने भरायची. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं, म्हणजे इथेही सगळं उलटं. डिजिटल आल्यावर त्यांनी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी फोटोशॉप शिकायला घेतलं. मुलगी शेजारी बसून शिकवायची. त्यांनीच आमच्याकडे नियम घालून दिला: मुरूम काढा, कारण तो महिन्याने जाणारच आहे, तीळ काढू नका, व्रण काढू नका आणि रंग उजळू नका. पालकांकडून मागणी येते, नाही असं नाही. शाळांकडूनही येते. दादा शांतपणे सांगतात, “वर्गात मूल जसं दिसत होतं तसंच पुस्तकात दिसेल.” एकदा एका मोठ्या कामावर आम्हाला यासाठी पाणी सोडावं लागलं. मला त्याची खंत नाही. पंधरा वर्षांच्या सावळ्या मुलीला तिच्याच शाळेच्या पुस्तकातून तू अशी नको होतीस असं सांगणं हे पाप आहे, आणि ते आमच्या हातून होणार नाही.

मुखपृष्ठाची अक्षरं काढणारा आमचा मित्र दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवायचा. फ्लेक्स आलं आणि एका वर्षात त्याचं काम सुकलं. तो आला तेव्हा त्याला माउस धरता येत नव्हता. आजही तो आधी कागदावर ब्रशने लिहितो, मग स्कॅन करतो. एकदा त्याची नजर एका नावावर अडली. ‘शीतल’ नावाच्या मुलीच्या फोटोखाली फॉन्टने हिंदी वळणाचे श आणि ल उमटवले होते. आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. तो म्हणाला, “ही मुलगी वहीवर असं लिहीत नसेल.” मराठीचा श देठाचा, ल पाकळीचा. राज्य सरकारने २००९च्या निर्णयात हीच वळणं ग्राह्य धरली आहेत. संगणकातले कितीतरी फॉन्ट मात्र दुसरी दाखवतात. तेव्हापासून फॉन्ट निवडायच्या आधी आम्ही ‘शीतल कुऱ्हाडे’ असं टाइप करून बघतो. श, ल आणि त्यातला ऱ्ह, तिन्ही नीट उमटले तरच तो फॉन्ट घ्यायचा.

पाचव्या होत्या बाई. निवृत्त शिक्षिका. मुद्रितशोधनासाठी त्यांना बोलावलं. वाटलं होतं ऱ्हस्व-दीर्घ तपासतील. त्यांनी पहिल्याच दिवशी पानं मोठ्याने वाचायला घेतली, हजेरी घेतल्यासारखी. तीसेक वर्षं रोज सकाळी हजेरी घेतलेला कान. ‘सौरव’ वाचून थांबायच्या: “हा सौरभ असणार, विचारा.” एकाच वर्गात दोन आर्या असल्या तर त्यांचे फोटो अदलाबदल झाले नाहीत ना, हे शाळेला फोन करून खात्री केल्याशिवाय त्या पान सोडत नसत. त्या गेल्या त्याला चार वर्षं झाली. आम्ही अजून नावं मोठ्याने वाचतो, एकाने पट वाचायचा आणि दुसऱ्याने पानावर बोट ठेवायचं.

नावांचं काम पुढे वाढणार आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी लागतात. मला हा बदल मनापासून आवडला. ही मुलं २०४०च्या सुमारास दहावीच्या पानावर येतील, तेव्हा तीन शब्दांसाठी आखलेल्या चौकटीत चार शब्द बसवायचे असतील. फोटोखाली दोन ओळींची जागा आम्ही आत्तापासूनच सोडायला लागलो आहोत.

हे सगळं आमच्याकडेच असं घडलं, असंही नाही. हा धंदाच इकडून तिकडून आलेल्यांनी उभा केला आहे. आपल्याकडे शाळा-कॉलेजांचे वार्षिकांक निघायचे, अजून निघतात. त्यात प्राचार्यांचं मनोगत, अहवाल, मुलांच्या कथा-कविता, बक्षिसं मिळवलेल्यांचे फोटो. जो लिहीत नाही आणि बक्षीसही मिळवत नाही, तो मागच्या रांगेत कुठेतरी. प्रत्येक मुलाचा चेहरा नावासकट छापायचा ही रीत अमेरिकेतली. तिथल्या जोस्टेन्स या बड्या इयरबुक कंपनीची सुरुवात १८९७मध्ये मिनेसोटातल्या ओवाटोना गावी दागिने आणि घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून झाली. मिसुरीतल्या मार्सलीन या लहान गावातली वॉल्सवर्थ १९३७मध्ये फिरत्या नाटकमंडळ्यांच्या जाहिराती छापत सुरू झाली आणि इयरबुककडे नंतर वळली. आपल्याकडचं मोठं उदाहरण र. कृ. जोशींचं. ते कवी होते, अनेक वर्षं उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक होते, नंतर पवईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवू लागले, आणि संगणकावर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांच्या हातचा. आधीच्या कामातली शिदोरी त्यांनी प्रत्येक वेळी पुढे नेली.

आता आमच्याकडे अप्लाइड आर्टची पदवी घेतलेल्या तिघी जणी आहेत. त्यांच्याकडून मी रोज शिकते. इनडिझाइनमध्ये हजारभर नावं यादीतून थेट पानावर आणायची युक्ती त्यांचीच. पूर्वी याला आठवडा जायचा आणि त्यात चुका व्हायच्या. रंगांची त्यांची समज आमच्यापेक्षा पक्की आहे. पदवीला मी कमी लेखत नाही. मला ती घेता आली नाही याचं वाईट अजून वाटतं. पण पदवी आहे म्हणून मी कुणाला घेत नाही, आणि नाही म्हणून परतही पाठवत नाही. पोर्टफोलिओ बघते, मग विचारते, “याआधी हातांनी काय केलंस?” एकीने सांगितलं, आजीबरोबर गोधड्या शिवल्या. तिची पानं बघा, तुकडे जोडणं तिला शिकवावं लागलेलं नाही.

मागच्या महिन्यात एक मुलगा आला होता. बारावी झालेला, पाच वर्षं एसटी स्टँडसमोर झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोच्या दुकानात काम केलेला. दाखवायला काही आणलं नव्हतं, त्याला फार संकोच वाटत होता. मी त्याला एक जुना हजेरीपट आणि फोटोंचं पाकीट दिलं, पान लाव म्हटलं. त्याने संगणकाला हात लावायच्या आधी फोटो टेबलावर पटाच्या क्रमाने मांडले. पाऊण तासाने म्हणाला, “ताई, दोन फोटो एकाच मुलाचे आहेत. चष्मा आहे आणि नाही, एवढंच.” तो पहिल्या तारखेपासून रुजू झाला. पगार ठरवताना मी त्याला शिकाऊ धरलेलं नाही.

पालक, शिक्षक, मुख्याध्यापक हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती आहे. फोटोचा एक दिवस ठरवता, तसा पंधरा दिवसांनी दुसराही ठरवा. पहिल्या दिवशी जे मूल आजारी होतं, गावाला गेलं होतं, किंवा गणवेश नाही म्हणून घरी बसलं होतं, त्याच्यासाठी. आम्ही त्या दिवशीही येतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.