काडीची किंमत

दिवाळीच्या तोंडावर मोठ्या दुकानात खरेदीला जाण्यात मौज असते, तशी थोडी धास्तीही असते. काचेचे दार आपोआप बाजूला होते, गार हवेची झुळूक अंगावर येते आणि अत्तरांच्या घमघमाटातून वाट काढीत आपण सरकत्या जिन्यावर पाऊल ठेवतो. एका मजल्यावर साड्या, दुसऱ्यावर पुरुषांचे कपडे, तिसऱ्यावर खेळणी आणि चिनी मातीची भांडी. घरातल्या साऱ्यांची दिवाळी एकाच छपराखाली! यादी हातात असली म्हणजे दोन तासांत मोकळे, असे वाटते. पण यादीतल्या पहिल्याच नावापाशी पाऊल अडते.

या दुकानांचा वंश फारसा जुना नाही. पॅरिसच्या 'बाँ मार्शे'मध्ये आरिस्तिद बूसिको १८५२ साली भागीदार झाला. ठरलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या आणि न आवडलेला माल परत घेण्याची सोय, या गोष्टींनी त्याने ते दुकान नावारूपाला आणले. एमिल झोलाला तर अशा दुकानांची इतकी भुरळ पडली, की १८८३ साली त्यांच्यावर त्याची एक अख्खी कादंबरीच निघाली. आपल्या मुंबईत १९४८ साली नायगावच्या गिरणी कामगारांनी सहकारी दुकान काढले. तेच पुढे 'अपना बाजार' झाले. १९९१ साली अंधेरीत 'शॉपर्स स्टॉप'चे पहिले दुकान उघडले. एकच भाव, घासाघीस नाही. सगळे कसे सोयीचे! मात्र घासाघीस गेली, तशी "वहिनी, धाकटी केवढी झाली आता?" ही दुकानदाराची चौकशीही गेली. आता विचारतात ते एवढेच, "साइज?" आणि त्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

आमच्या लहानपणी हे उत्तर खराट्यात असे. गाव कोकणातले. दिवाळीआधी वडील एस. टी.ने रत्नागिरीच्या बाजाराला निघत. आदल्या रात्री आई आम्हां भावंडांना ओळीने उभी करी. खराट्यातली एक काडी ओढायची, ती तळपायाखाली धरायची आणि वाढत्या पायासाठी बोटभर जागा सोडून मोडायची. माझ्या काडीला लाल दोरा, थोरल्याच्या काडीला निळा, धाकट्याच्या पांढरा. आजीची काडी वेगळी, आत्याची वेगळी. वडील ती जुडी सदऱ्याच्या खिशात घालून जात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरोबर मापाच्या चपला घेऊन येत. काडीची किंमत नाही असे आपण म्हणतो. पण त्या काड्यांइतकी किमती वस्तू आमच्या घरातून बाजारात दुसरी जात नसावी.

त्या जुडीत आईची काडी नसे. वडील विचारीत, "आणि तुमचं माप?" ती म्हणे, "मला काय करायचंय? जुन्या वहाणांना नवा अंगठा लावून आणा म्हणजे झालं."

आजच्या मोठ्या दुकानात हिंडताना त्या काड्या मला पदोपदी आठवतात. सासूबाईंसाठी गाऊन पाहायचा, तर तो पुढून बटणांचा हवा. खांदा धरल्यापासून डोक्यावरून कपडा घालणे त्यांना जमत नाही. आमच्या घरच्यांना सदऱ्याला खिसा हवाच. चष्मा आणि पेन ठेवणार कुठे? चिरंजीवांचे बूट मागच्या दिवाळीपेक्षा एक नंबर मोठे. भावजयीला फिका रंग नको. नोकरीवरून येते ती थेट चुलीपाशी. विक्रेती मुलगी मोठ्या उत्साहाने एकावर एक फुकटच्या योजना सांगत असते. तिच्या फळ्यांवर सगळी मापे असतात. कोणते माप कुणाचे, एवढेच तिला ठाऊक नसते. ते वर्षभर घरात वावरताना, कुणाचा हात कुठे अडतो आणि कोण कशाला कुरकुरते हे पाहून गोळा करावे लागते. भेट म्हणतात ती खरी तीच. कपडा हे नुसते वेष्टन.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? पाकिटात पैसे घालून द्यावेत, ज्याचे तो घेईल. सोय आहे खरी. पण पैशांचे माप सगळ्यांना सारखेच बसते, म्हणून ते कुणाचेच नसते.

गेल्या दिवाळीला माझी लेक बरोबर होती. पिशव्या सांभाळीत आम्ही पादत्राणांच्या विभागात आलो. यादीवर शेवटची रेघ मारून मी म्हटले, "चला, झालं सगळ्यांचं."

"आणि तुझं गं?"

"मला काय करायचंय?" शब्द माझे, पण आवाज हुबेहूब आईचा! आईच्या पाटल्या अजून माझ्याकडे आल्या नाहीत. हे वाक्य मात्र कधीच येऊन बसले होते, आणि कुणी मागितले नसताना मी ते पुढे लेकीच्या हाती द्यायला निघाले होते.

लेकीने ते घेतले नाही. माझ्या हातातल्या पिशव्या खाली ठेवून तिने मला बाकावर बसवले आणि विक्रेत्याला हाक मारली, "दादा, आईचा पाय मापा." त्याने मापाची पट्टी पुढे सरकवली. मी पाऊल ठेवले. आकडा तिने माझ्याच यादीच्या तळाशी लिहिला आणि विचारले, "आता आजीचा नंबर?"

आजीच्या वहाणा आजीच आठवडी बाजारातून आणते; नंबर कुणाला ठाऊक असणार? लेकीने तिथूनच मामाला फोन लावला. "मामा, अंगणातल्या खराट्याची एक काडी घे," असे तिने सुरू केले तेव्हा विक्रेता चकित होऊन पाहू लागला. थोड्या वेळाने पलीकडून माझ्या भावाचा आवाज आला, "अगं, आई पाय पुढे करत नाहीये. म्हणते, मला काय करायचंय."

"मग आज रात्री ती झोपली, की माप घे," लेक म्हणाली. "आणि काडीला दोरा बांधायला विसरू नकोस."