कायदा होण्यापूर्वी

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आम्ही अभ्यासली: कायदा विवेकातून यावा, लोकहितासाठी असावा आणि रीतसर जाहीर व्हावा. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत मांडले गेले, तेव्हा आम्ही ते याच कसोटीवर वाचले. प्रस्थापित कायद्याच्या अवज्ञेचा उपदेश करणे हेही त्यात बेकायदेशीर कृत्य ठरत होते. उपदेश तर आमचे नित्याचे कर्तव्य! मग मनाई असताही प्रभूची सुवार्ता सांगणारे प्रेषित पेत्र व योहान, मिठाचा कायदा मोडणारे गांधीजी यांना कोठे बसवावे?

विधेयक पुढे संयुक्त समितीकडे गेले. बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, काही बदल झाले, आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले.

मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा राज्यघटनेच्या १३ व्या कलमानुसार रद्दबातल ठरतो. मग आधीच पारख कशासाठी? यूएपीएखाली अटकेत असलेले ८४ वर्षांचे येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत निवर्तले, तेव्हा त्यांचा जामीनअर्ज उच्च न्यायालयात प्रलंबितच होता. न्याय मिळेपर्यंत आयुष्य पुरेलच असे नाही.

म्हणून मसुदा प्रसिद्ध होताच हातकणंगल्यातील आपल्या कुटुंबांनीही तो वाचावा, हरकती मुदतीत पाठवाव्यात; आणि त्या केवळ ख्रिस्ती जनांसाठी नव्हे, तर इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारासाठीही असाव्यात.