दुरावत गेलेली भावंडं

वैनगंगेच्या काठचा अर्जुन फिकट, गुळगुळीत. सालीचे पातळ पापुद्रे ढळले की आतून गुलाबीसर राखाडी कांती उमलते. तिथून वर, गडचिरोलीच्या कोरड्या उतारांवर ऐन उभा असतो. इकडे त्याला येन म्हणतात. त्याची साल काळपट, जाड, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. वणव्याची धग सोसायची तर असंच कवच हवं. दोघं शेजारी उभे राहिले तरी भाऊ म्हणून कुणी ओळखणार नाही.

पण फळ हातात घ्यावं. दोघांच्याही फळाला उभे पाच पंख. ऐनाचे रुंद, पातळ, वाऱ्याची वाट पाहणारे. अर्जुनाचे जाडसर, चिवट. याच गोतातल्या हिरड्याला पंख नाहीत, तरी वाळलेल्या हिरड्यावरून बोट फिरवलं की पाच कंगोरे लागतात. बेहड्यावर तेही पुसट. किती सावकाश दुरावली असतील ही भावंडं!

आता पान उलटं करून पाहू. देठ पात्याला भेटतो तिथे इवल्या उंचवट्यांसारख्या ग्रंथी दिसतात, बहुधा जोडीने. ऐनालाही, अर्जुनालाही. आणि हे नातं आपल्याआधी कोशाच्या अळीला कळलेलं आहे. आरमोरीकडचे ढिवर ऐनावर कोसा घेतात. पण ही हिरवीगार, कुशीवर चंदेरी ठिपके ल्यालेली अळी अर्जुनाच्या पानावरही तितकीच रमते. सालीकडे ती पाहतच नाही. विणायची वेळ आली की आधी रेशमाचा कणखर देठ करते, फांदीभोवती त्याची कडी घालते, आणि मग स्वतःला आत मिटून घेते.

याच रानात बोलल्या जाणाऱ्या गोंडीच्या बोलीही अशाच सावकाश दुरावत गेल्या. मीठ कुठे सोवर, कुठे होवर, आणि दक्षिणेकडच्या काही बोलींत नुसतं ओवर. 'स' सैलावून 'ह' झाला, मग तो उच्छ्वासही विरला. हा बदल सगळ्या शब्दांवर एकदम आला नाही, एकेका शब्दातून सरकत गेला, हे भाषाशास्त्रज्ञ भद्रिराजू कृष्णमूर्तींनी १९९८ साली दाखवलं. म्हणजे एक शब्द 'ह'ला धरून असतो, तेव्हा त्याच्या शेजारचा तो सोडून पुढे गेलेला असतो. कुणी काही ठरवलं नव्हतं. आजीच्या तोंडचा आवाज नातीच्या तोंडी किंचित हलका झाला, एवढंच घडत राहिलं.