वंशावळींतील एक कोरी जागा

पेन्शन घेतल्यापासून आम्ही कंधारास घराण्याची वंशावळ जुळवीत बसलों आहों. कोणाकडे कोणत्या गांवचें कुळकर्ण होतें, कोण काशीस जाऊन राहिला, हें सर्व वहींत आहे. मात्र पुतण्याच्या नांवापुढें त्याच्या दुखण्याविषयीं दोन ओळी लिहूं लागलों, तेव्हां वहिनींनीं अडविलें. "भावोजी, तेवढें लिहूं नका. उद्यां नातीला स्थळें पाहावीं लागतील." नात तेव्हां अवघी बारा दिवसांची होती!

पुतण्या दोन वर्षांचा असतांना त्याच्या बाहुल्यांत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसूं लागली. दोन्ही डोळ्यांत गांठी निघाल्या. एक डोळा काढावा लागला, दुसरा वांचला. पंधराव्या वर्षीं गुडघा सुजला, तेव्हां खेळतांना मुरगळला असेल असें समजून तेल चोळण्यास आम्हीच सांगितलें. डॉक्टरांपाशीं डोळ्याची गोष्ट कोणीं काढली नाहीं. गुडघ्याचा आणि डोळ्याचा संबंध काय? तीन महिने असे गेले. अखेर मुंबईस हाडाचा कर्करोग ठरला. मुलगा वांचला, पाय गेला.

मातापित्यांच्या बीजदोषांतून येणाऱ्या रोगांस सुश्रुतानें आदिबलप्रवृत्त म्हटलें आहे. तो शब्द आम्ही वर्गांत शिकविला होता. घरांत ओळखला नाहीं. अमेरिकेंतील नुडसन यांनीं १९७१ सालीं याच नेत्ररोगावरून, रेटिनोब्लास्टोमावरून, मोठा उलगडा केला. पेशींच्या वाढीस आवर घालणाऱ्या जनुकाच्या प्रत्येक पेशींत दोन प्रती असतात. एक जन्मतःच बिघडलेली असली, तर दुसरी बिघडण्याचाच अवकाश. बालपणीं तें डोळ्यांत घडतें, वाढीच्या वयांत हाडांत घडूं शकतें. ली आणि फ्रॉमेनी यांनीं १९६९ सालीं वर्णिलेल्या दुसऱ्या एका विकारांत हाडें, स्तन व मेंदू यांचे कर्करोग एकाच कुटुंबांत आढळतात. तथापि हाडाचा कर्करोग झालेल्या बहुतेक मुलांस असा वारसा नसतो, हें येथेंच सांगितलेलें बरें. उगाच कोणाच्या कुळाकडे बोट नको.

पुतण्याची सदोष प्रत कन्येकडे येण्याचा संभव निम्मा. आम्ही हें वहिनींस दोन वेळां समजाविलें. तिसऱ्या वेळीं त्या कांहीं न बोलतां उठल्या आणि दुसरे दिवशीं बाळास घेऊन नांदेडच्या गाडींत बसल्या. नेत्रवैद्यांस सारी हकीकत त्यांनींच सांगितली. डोळे तूर्त निर्मळ आहेत. पुनःपुन्हां दाखवावयाचे आहेत. रक्ताच्या तपासणीसाठीं परळच्या टाटा रुग्णालयांत जावयाचें ठरलें आहे.

वहींतील जागा अद्याप कोरी आहे. वहिनी म्हणतात, लिहा, पण पेन्सिलीनें.