सहीची पांढरी पट्टी

यंदा येळवशीला बेंबळीला जाऊन आलो. ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेळ अमावस्या म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या धाराशिव-लातूरकडे त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरून जातात. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, मडक्यातलं आंबील... पण खाण्यावर लिहायला लागलो तर मूळ विषय राहूनच जाईल. असो.

तर झालं असं, की संध्याकाळी शेतातून घरी आल्यावर मोठ्या काकूंनी देव्हाऱ्यामागून एक पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. "लेकरा, बँकेचं आलंय बघ. चार दिस झाले, कुणी उघडंना." आत नवं डेबिट कार्ड होतं. जुन्याची मुदत संपत आली होती. मी ते उलटून पाहिलं आणि म्हणालो, "काकू, ह्या पांढऱ्या पट्टीवर सही करा."

काकूंनी पदराला हात पुसले, चष्मा शोधला, पेन मागितलं. तेवढ्यात कॉलेजात जाणारा त्यांचा नातू मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "आजी, सही कोण बघतंय आता? पिन टाकला की झालं."

मी त्याला रागावणार होतो, पण गप्प बसलो. कारण माझ्या खिशातल्या पाकिटात दोन कार्डं होती आणि दोन्हींच्या पट्ट्या कोऱ्या! (हसू नका. आधी स्वतःची कार्डं काढून बघा.)

मग रात्रभर डोक्यात तेच. सही न केलेलं कार्ड चालतं का? चालतं, हे तर मी इतकी वर्षं बघतोच आहे. मग ती पट्टी असते कशाला?

पूर्वी तिला काम होतं. दुकानदार कार्ड घासायचा, मशिनमधून चिठ्ठी यायची, आपण तिच्यावर सही करायची आणि त्याने ती कार्डामागच्या सहीशी ताडून बघायची. पट्टी कोरी असेल तर कार्ड घेऊ नये, आधी ओळखपत्र बघून सही करून घ्यावी, असं कार्ड कंपन्या दुकानदारांना सांगत. अमेरिकेतल्या माझ्या बहिणीला एकदा एका कचेरीत कोऱ्या पट्टीचं कार्ड परत दिलं होतं. तिथेच पेन मागून, त्याच माणसासमोर तिने सही केली आणि त्याच माणसाने ती चिठ्ठीवरच्या सहीशी ताडून बघितली! (ताई, वाचत असशील तर मीठमसाला माझा नाही, तूच असं सांगितलं होतंस.)

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या डिसेंबरपासून दुकानात डेबिट कार्डाला पिन सक्तीचा केला. २०१८ अखेरपर्यंत जुनी कार्डं बदलून चिपची कार्डं द्यायला लावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोठ्या अमेरिकन कार्ड कंपन्यांनीही दुकानातल्या सहीची सक्ती सोडून दिली. एटीएमला तर सही कधीच लागली नाही. ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो. आणि जानेवारी २०२१ पासून पाच हजारांपर्यंतच्या खरेदीला कार्ड नुसतं टेकवलं तरी चालतं, तिथे पिनसुद्धा नाही. हल्लीच्या काही कार्डांवर तर ती पट्टीच नसते.

म्हणजे नातवाचं बरोबर होतं. तरी मला ते पटत नव्हतं. का, ते सांगतो.

काकू शाळेत गेलेल्या नाहीत. बेंबळीला लग्न होऊन आल्या तेव्हापासून कागदावर त्यांच्या नावापुढे एकच मजकूर असे : 'निशाणी डावा अंगठा'. कायद्याच्या दृष्टीने त्यात कमीपणा काही नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याची खूण म्हणजेच त्याची सही, असं १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातच आहे. पण कमीपणा कायद्यात नसतो, लोकांच्या नजरेत असतो. नव्वदच्या दशकात गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा काकू रात्री कंदील घेऊन जायच्या. पुस्तक काही पुरं झालं नाही, पण स्वतःचं नाव तेवढं आलं. पुढे काका गेले, आणि बँकेत वारसाच्या कागदांवर कारकुनाने सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं. काकूंनी ते बाजूला सारून पेन मागितलं. हा प्रसंग आमच्या घरात अजून सांगितला जातो.

तर त्या काकू आता गुळगुळीत पट्टीवर सही करत होत्या. बॉलपेन दोनदा घसरलं. शेवटचं अक्षर पट्टीबाहेर गेलं. "बसंना लेकरा ह्यात नाव," म्हणाल्या. पण बसवलं.

जुनं कार्ड मोडून टाकू म्हणून मी मागून घेतलं. त्याची पाठ बघितली आणि हबकलोच. पट्टीवर सही नव्हती. निळ्या पेनाने चार आकडे लिहिलेले होते.

"हे काय काकू?"

"त्यो नंबर हाय. ध्यानात राहत न्हाई म्हणून लिहून ठिवला. जागा त्याच्यासाठीच आसंल की."

बघा, किती सरळ विचार! कार्डावर लिहायला एकच जागा, आणि बँक सारखी म्हणते नंबर लक्षात ठेवा. ते कार्ड दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या डब्यात होतं. जो कुणी धाराशिवला जाणार असेल तो ते घेऊन जायचा आणि काकूंचे पैसे आणून द्यायचा. गावाकडे ह्यात वावगं कुणाला वाटत नाही. एकदा किसान सन्मान निधीचे दोन हजार जमा झाले आणि दुसऱ्याच दिवशी निघाले. काकूंना ते महिन्याने, पासबुक भरून आणल्यावर कळलं. कुणी काढले? घरात विचारणा झाली, सगळ्यांनी माना हलवल्या, विषय संपला. मला ठाऊक नाही आणि ठाऊक असतं तरी इथे लिहिलं नसतं. काकू त्यावर एवढंच म्हणाल्या, "घरातलंच कुणी असंल. त्याला नड असंल. पर इचारायचं की."

'विचारायचं की.' सहीचा सगळा अर्थ ह्या दोन शब्दांत आला असं मला वाटतं. सही म्हणजे 'मला विचारलं आणि मी हो म्हटलं.' पट्टी निकामी झाली असेल, पण तो प्रश्न कुठे गेलेला नाही. तो आता पिनमध्ये जाऊन बसला आहे.

घोटाळा होतो तो इथेच. सही सगळ्यांनी बघितली तरी बिघडत नाही, कारण बघून ती कुणालाही हुबेहूब करता येत नाही. पिनचं उलटं आहे. ज्याने बघितला, तो तुमच्यासारखीच 'सही' करू शकतो, अक्षराचा फरक नाही. आपल्याला हजारो वर्षं खूण दाखवायची सवय. आता अचानक ती लपवायला सांगितली आहे, आणि हे समजावून कुणी सांगितलेलं नाही. २०१४ च्या ऑगस्टनंतर जनधनची खाती निघाली, रुपे कार्डं घरोघरी आली. कार्ड दिलं, पाकीट दिलं, हे मात्र द्यायचं राहिलं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात तर स्पष्ट म्हटलं होतं, की पिनसारखी गोष्ट ग्राहकानेच दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. डब्यातल्या कार्डाची दाद कुठे मागणार?

आणि चार आकडेच का, तर त्याचीही एक घरगुती गोष्ट आहे. लंडनच्या एनफिल्डमध्ये १९६७ साली बार्कलेज बँकेने पैसे देणारं यंत्र बसवलं. ते बनवणारे जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने आपल्या शिलाँगचे. त्यांना सहा आकडे ठेवायचे होते, पण त्यांच्या बायकोला चारच लक्षात राहायचे म्हणून चार ठेवले, असं ते स्वतः सांगत. म्हणजे आकडे विसरणाऱ्या आमच्या काकू एकट्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकूंना गाडीवर बसवून धाराशिवला नेलं. ओटीपी त्यांच्याच साध्या फोनवर आला हे नशीब. मशिनपुढे उभं राहून मी म्हणालो, "काकू, आता चार आकडे ठरवा. मला सांगू नका. ह्याला सांगू नका, त्याला सांगू नका. ही तुमची सही आहे, पण न दाखवायची."

"तुला बी न्हाई?"

"मला बी न्हाई."

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आत बराच वेळ गेला. काचेतून त्यांची पाठ दिसत होती, बोट एकेका बटणावर जात होतं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा, तो वारसाचा कागद पुढे सरकवला असेल तेव्हा जसा असेल, तसा होता. कोणते आकडे ठेवले असतील? काकांच्या जाण्याचं साल? थोरल्याचा जन्म? अंदाज मनात आले आणि मीच ते थांबवले.

परत येताना त्यांनी विचारलं, "मग ती पांढऱ्या पट्टीवरली सही उगंच केली व्हय?"

मी म्हटलं, "न्हाई काकू. बँक सांगते करा म्हणून, आणि कार्ड हरवलं तर कोऱ्या जागेत दुसऱ्या कुणाला सही करता येत नाही. शिवाय आता तिथं आकडे लिहायला जागा उरली नाही!"

काकू हसल्या.

पुण्याला आल्यावर सौ.कडून पेन मागून माझ्या दोन्ही कार्डांवर सही केली. माझंही शेवटचं अक्षर पट्टीबाहेर गेलं. सौ. म्हणाली, "हे काय नवीन?" मी म्हटलं, काकूंनी शिकवलं. आणि मग आठवलं, की माझा पिन सौ.ला ठाऊक आहे आणि तिचा मला. आता ह्यावर काय करायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही. तुमच्याकडे काय पद्धत आहे, कळवा जरूर.