आमचे ऋण

रायपूरहून नागपूरकडे निघालेली गाडी दुर्ग सोडल्यावर थोड्याच वेळात राजनांदगावला येते आणि एक-दोन मिनिटे थांबून पुढे निघते. बहुतेकांच्या लेखी ते एक मधले स्टेशन. डोंगरगडच्या बम्लेश्वरीला जाणारी मंडळी सामान आवरू लागतात, एवढीच काय ती हालचाल. आम्ही मात्र नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरात वाढलो आणि नोकरीच्या निमित्ताने या छत्तीसगडात येऊन पडलो. त्यामुळे रात्री कितीही वाजले असले तरी राजनांदगावची पाटी दिसेपर्यंत आम्हांला झोप येत नाही.

याच लोहमार्गावर १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. काव्याच्या गोष्टी निघाल्या, त्यांतून धर्माच्या निघाल्या. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक तो वाचू लागले आणि मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या व सातव्या अध्यायांत, म्हणजे डोंगरावरील प्रवचनात, अडकून पडले. दोन वर्षांच्या आत, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची कहाणी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

टिळकांची पदे आम्ही आईच्या मांडीवर ऐकली आणि ते प्रवचन रविवारच्या शाळेत पाठ केले. वाचकहो, लहानपणी पाठ झालेल्या गोष्टीचा एक तोटा असा की ती तोंडात राहते आणि पुढे कित्येक वर्षे कानांत शिरत नाही. प्रभूच्या प्रार्थनेचे आमच्या बाबतीत असेच झाले होते.

२०१९ सालची गोष्ट. केंद्र सरकारच्या नोकरास कुटुंबासह स्वग्रामी जाऊन येण्यासाठी प्रवाससवलत मिळते. आम्ही आगाऊ रक्कम उचलली, चौघांची वातानुकूलित तिसऱ्या वर्गाची तिकिटे काढली, त्यांच्या प्रती फाइलला लावण्यासाठी ठेवल्या आणि मग पत्नीची व दोन्ही मुलांची तिकिटे रद्द केली. नगरला एकटेच जाऊन आलो. बिल चौघांचे लावले, ते मंजूर झाले. वर राहिलेले आठ हजार सातशे साठ रुपये मुलीच्या शाळेत भरले. पत्नीला सांगितले की फरकाची थकबाकी मिळाली.

सुवार्तेतला सैतान अरण्यात चाळीस दिवसांच्या उपाशी माणसापुढे पहिल्यांदा भाकरीचीच गोष्ट काढतो, हे आम्हांला पुढे फार अर्थपूर्ण वाटू लागले. मोह हा नेहमी चैनीच्या रूपाने येत नाही. तो फीची पावती हातात घेऊन येतो, आणि त्याचे म्हणणे खोटे नसते. फी खरोखरच भरायची होती. शिवाय तो कधी एकवचनात बोलत नाही. 'सगळेच करतात' असे म्हणतो आणि आपल्याला त्या सगळ्यांत उभे करतो. लूक लिहितो की ती परीक्षा संपवून सैतान निघून गेला तो काही काळापुरताच. आमच्याकडे तो चार वर्षांनी परत आला, आणि या खेपेस धर्मनिष्ठेचे सोंग घेऊन आला.

२०२३ साली आमची बदली बिले तपासणाऱ्या विभागात झाली होती. आमच्याहून सात-आठ वर्षांनी लहान अशा एका कारकुनाचे प्रवाससवलतीचे बिल टेबलावर आले. तिकिटांचे क्रमांक पडताळून पाहताच ध्यानात आले की तीन तिकिटे रद्द केलेली आहेत. युक्ती जुनीच होती, आमचीच होती. हा तरुण आम्हांला प्रिय नव्हता. काही महिन्यांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत चारचौघांसमोर त्याने आमच्या धर्मावरून एक शेरा मारला होता. आमच्या पूर्वजांनी किती पायली तांदळाला देव बदलला, असा काहीसा. लोक हसले होते. आम्हीही हसल्यासारखे केले होते. ते हसू घशात तसेच अडकून होते.

आम्ही टिपणी लिहावयास घेतली. ती फार सुरेख उतरत होती! १९८८ च्या नियमावलीचा हवाला, शिस्तभंगाची शिफारस, सारे कसे जागच्या जागी. तिसऱ्या परिच्छेदापाशी आमच्या लक्षात आले की आपल्याला आनंद होत आहे. लेखणी थांबली. कागद खणात टाकून आम्ही घरी आलो.

त्या आठवड्यात रविवारच्या उपासनेत वाचन आले ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचे. आम्ही इथे हिंदी मंडळीत जातो. तिच्यातली कित्येक घराणी विश्रामपूरकडची, १८६८ साली ऑस्कर लोर यांनी जे मिशन तिथे सुरू केले त्याच्याशी नाते सांगणारी. वाचन चालू होते. किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय, असे पेत्र विचारतो, आणि उत्तरादाखल त्याला त्या चाकराची गोष्ट ऐकावी लागते. ज्याला राजाने दहा हजार तालांतांचे देणे सोडले, त्याने बाहेर पडताच शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. आम्ही पडलो हिशेबाचे कारकून. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. बसल्या बाकावर आकडा मांडला तो सहा कोटी दिवसांची मजुरी असा आला. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर दोन लक्ष वर्षे. सोबत्याचे देणे शंभर दिवसांचे. प्रमाण सहा लाखांस एक.

मग प्रार्थनेसाठी सर्वजण उभे राहिले. ती हिंदीत असल्यामुळेच की काय, प्रथमच आमच्या कानांत शिरली. मत्तयाच्या पाठात 'पाप' असा शब्दच नाही, 'ऋण' असा आहे. फेडायचे, मागायचे, सोडायचे असे ऋण. ऋणमुक्तीची याचना आधी आहे आणि परीक्षेपासून राखण्याची नंतर. आजवर आमचा समज उलटा होता. माणसाने आधी मोह जिंकावा, मग निर्मळ होऊन क्षमेपुढे उभे राहावे, असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु ज्याच्या खात्यावर लपवलेले देणे आहे त्याला मोहाशी झुंजण्याचे बळ येणार कोठून? आम्हांला ते बिल मुकाट मंजूर करता येत नव्हते आणि स्वच्छ हाताने नाकारताही येत नव्हते. आणखी एक पाहिले. त्या प्रार्थनेत 'मी' कोठेच नाही. या निबंधातले आमचे 'आम्ही' ही जुन्या मासिकांची एक ढब झाली, तिच्याआड माणूस सुखाने लपू शकतो. प्रार्थनेतल्या 'आम्ही'त मात्र तो तांदूळवाला तरुणही आमच्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

त्या रात्री पत्नीला सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पैशांचं काय एवढं! थकबाकीची गोष्ट मला खोटी सांगितलीत ना?" ती चूक आम्ही हिशेबात धरलीच नव्हती.

सोमवारी वरिष्ठांकडे अर्ज दिला. रक्कम जादा व्याजासह भरली, लेखी ताकीद मिळाली, पुढची सवलत बंद झाली. यापेक्षा वाईटाची तयारी होती. त्या तरुणाला मात्र अर्ज देण्यापूर्वीच बाजूला बोलावले आणि म्हटले, "हे बिल मागे घे, आगाऊ रक्कम आजच भर. चार वर्षांपूर्वी आम्ही हेच केले आहे." तो पाहतच राहिला. "भैया, तुम्ही?" एवढेच म्हणाला. त्याने बिल मागे घेतले. खणातली ती सुरेख टिपणी आम्ही फाडली. फाडताना थोडी हळहळ वाटली, हे लपवीत नाही.

त्याची-आमची मैत्री झाली असे नाही. त्याने माफी मागितली नाही आणि आम्हीही तो विषय काढला नाही. तो शेरा अजून केव्हा केव्हा आठवतो, तेव्हा ते शंभर दीनार पुन्हा एकदा सोडावे लागतात. 'स्मृतिचित्रे' हल्ली आम्ही याच दृष्टीने वाचतो. नवऱ्याने धर्म बदलल्यावर लक्ष्मीबाई वर्षानुवर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या, मग परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा तापट स्वभाव, त्यांचा तो उधळा हात, सारे बाईंनी लिहून ठेवले आहे, आणि तेही हसत. एवढे सोडायला त्यांना किती दिवस लागले असतील!

गेल्या नाताळात आम्ही चौघेही नगरला गेलो. सवलत नव्हती, म्हणून स्लीपरचा डबा, आणि खिडकीतून थंडी मनस्वी. राजनांदगाव आले तेव्हा मुलगी जागी होती. इथे कोण उतरले होते ते तिला सांगितले. "त्यांचं तिकीट कोणी काढलं होतं?" तिने विचारले. पत्नी पलीकडच्या बाकावर तोंडावर शाल ओढून हसत होती.